जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आठ तास बैठक. कंबर कशी सांभाळायची?

गवतीचहा: टेबल ३० इंच उंच, लाकडी खुर्ची १८ इंच, माझी उंची ५ फूट १. दुपारनंतर पट्ट्याच्या रेषेत कंबर भरून येते. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. नवी खुर्ची ठेवायला जागा नाही. आहे त्यातच काय करता येईल?

काटकोन: या उंचीला गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून साधारण साडेपंधरा इंचांवर येते. म्हणजे १८ इंची खुर्चीत पाय लोंबणार, माणूस कडेला सरकणार, पाठीचा टेकू सुटणार. बूड पुढे घसरलं की कमरेचा बाक सपाट होतो आणि सगळा ताण मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना जोडून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर जातो. पण खुर्ची कापू नका! टेबलही तुम्हाला उंच आहे. खुर्ची खाली गेली तर खांदे वर चढतील.

उलट बैठक दोन इंच वाढवा. घडी केलेली सतरंजी घ्या. सोफ्याची उशी दबते आणि बूड मागे लोळतं. पायाखाली साडेचार इंच आधार हवा: दोन पाट एकावर एक, न हलणारे. चौरंग फार उंच होतो.

निरगुडी: त्याच्या जोडीला पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावा. अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना रबर लावा, जाडी चार इंच. आधी बूड पार मागे टेकवा, मग गुंडाळी बेंबीच्या रेषेत पाठीमागे सरकवा. बरेच जण ती बरगड्यांपाशी लावतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. दहा मिनिटांत टोचायला लागली तर जाड झाली, एक वेढा कमी करा.

लॅपटॉप डब्यांवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. नाहीतर स्क्रीनकडे वाकाल आणि गुंडाळी मागे एकटीच राहील.

काटकोन: तरीही अर्ध्या तासाने उठायचंच. टेबलावर बाटली नको, पेला ठेवा. भरायला उठावं लागतं. उभं राहून तळवे कमरेवर, गुडघे ताठ, सावकाश मागे झुका, दोन सेकंद थांबा. असं पाच-सहा वेळा. कळ पायात उतरली तर थांबवा. पोक काढून तासभर बसल्यावर लगेच वाकून बादली उचलू नका, अस्थिबंध तेव्हा सैलावलेले असतात.

गवतीचहा: आणि कमरेचा पट्टा?

निरगुडी: दुखू नये म्हणून पट्टा, याला अर्थ नाही. पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर मात्र टॉवेल-पाट सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.