आत्या गाते, क्लेम मला येतो

मिरजेची_भाची

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी आत्या ८१ वर्षांची, मिरजेत असते. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं आकाशवाणी सांगलीवर गायची. पुढे संसार, चार पोरं. गाणं जे स्वयंपाकघरात शिरलं ते तिथेच राहिलं. गेल्या दिवाळीपासून मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जाते, ओट्यावर पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवते आणि तिला बोलतं करते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला रात्रभर बसून ऐकलेली गाणी, कुणाची पट्टी कुठे चढायची, कोण चहा पिऊनच गायला बसायचं. बोलता बोलता गाते. पेटीला शेजारचे काका. ते रेकॉर्ड करून पॉडकास्ट म्हणून यूट्यूबवर आणि ऑडिओ ॲपवर टाकते. अकरा भाग झालेत. ऐकणारे तीनशेच्या आसपास, त्यातले निम्मे नातेवाईक. कमाई शून्य.

सातव्या भागात तिने 'मोगरा फुलला' म्हटला, रेकॉर्डवरच्याच चालीत. यूट्यूबवर चढवला आणि दोन तासांत एका संगीत कंपनीचा क्लेम, म्हणजे 'यातलं संगीत आमचं' असा दावा. एका ऑडिओ ॲपवरून तर तो भाग उडालाच. आत्या म्हणाली, "ज्ञानोबांनी कंपनीला कधी गं लिहून दिलं?" मला उत्तर सुचलं नाही.

नवव्यात 'मानापमान'मधलं पद आहे, त्याला कुणी हात लावला नाही. दहाव्यात गीतरामायणातली दोन कडवी आहेत. अजून काही आलं नाही, पण मेल उघडताना धडधडतं. आपल्याच तोंडाने, साध्या पेटीवर म्हटलं तरी परवानगी लागते का? आणि मागायची तर कुणाकडे?

फुकटफौजदार

एवढं काय त्यात! दहा सेकंदांच्या आत गाणं संपवा आणि खाली लिहा, 'सर्व हक्क मूळ मालकांचे, आम्ही पैसे कमवत नाही'. माझा मेव्हणा तीन वर्षं हेच करतोय.

काळा_कोट

ताई, आधी फौजदारसाहेबांचा सल्ला खुंटीला टांगा. दहा सेकंद, तीस सेकंद असलं माप आपल्या कायद्यात कुठेही नाही. आणि 'हक्क मालकांचे' असं लिहिणं म्हणजे परवानगी घेतली नव्हती हे स्वतःच्या हाताने लिहून देणं. पैसे मिळवत नाही म्हणून सुटका होते असंही नाही.

आता आत्यांच्या प्रश्नाकडे. प्रश्न बिनतोड आहे, पण त्या ज्ञानोबांवर बोट ठेवतायत आणि क्लेम आलाय चालीवर. एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्ता गेला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ज्ञानोबांचे शब्द सातशे वर्षांपूर्वीचे, ते सगळ्यांचे. ती चाल मात्र हृदयनाथ मंगेशकरांची, तिचा हक्क जिवंत आहे. यूट्यूबची यंत्रणा नुसती रेकॉर्ड नाही, चालसुद्धा ओळखते. आत्यांनी सुरेल गायलं म्हणूनच पकडल्या गेल्या, हे त्यांना जरूर सांगा.

'मानापमान' १९११चं. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ला गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ला गेले. म्हणजे शब्द २००९पासून आणि चाली २०१६पासून मोकळ्या. आत्या आणि पेटीवाले काका, खुशाल गा. मात्र कुणाचा तयार ट्रॅक मागे लावू नका. ट्रॅक हे वेगळं ध्वनिमुद्रण, त्याचा मालक वेगळा.

गीतरामायणाचं उलट. गदिमा १९७७ला गेले, त्यांचे शब्द २०३७अखेरपर्यंत राखीव. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ला गेले, चाली २०६२पर्यंत. घरी देवापुढे म्हणा, कुणी विचारणार नाही. फाइल करून जगाला ऐकवली की प्रत काढणं आणि लोकांपर्यंत पोचवणं, दोन्ही झालं.

एक फट आहे. समीक्षेसाठी केलेला उचित वापर कायद्याला चालतो. आत्या एक ओळ गाऊन 'इथे कोमल निषाद कसा लागलाय बघ' म्हणून पुढे दहा मिनिटं त्यावर बोलल्या, तर मांडायला जागा आहे. आख्खी दोन कडवी गाऊन 'वा' म्हटलं तर ती समीक्षा नव्हे. २०१२ साली इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या खटल्यात एका गायिकेने गप्पांच्या कार्यक्रमात काही गाण्यांच्या ओळी गायल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने तो वापर क्षुल्लक धरला. पण तिथवर पोचायला वकिलाची फी लागते, आणि हे मी वकील असून सांगतोय.

आणि हो, आत्यांकडूनही परवानगीच्या दोन ओळी लिहून घ्या. गाणाऱ्याचा स्वतःच्या गायनावर कायद्याने ५० वर्षं हक्क असतो. उद्या त्याच तुमच्यावर क्लेम टाकतील.

मिरजेची_भाची

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाकीनच." पण तिचं म्हणणं, मी रेडिओवर इतकी गायले, तेव्हा नाही कुणी विचारलं?

काळा_कोट

तेव्हा ती जबाबदारी केंद्राची होती, गाणाऱ्याची नाही. आता केंद्र तुम्हीच आहात ना. शिवाय रेडिओ-टीव्हीला ठरवून दिलेल्या दराने गाणी लावायची सोय २०१२च्या दुरुस्तीत झाली, पण ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ला सांगितलं आणि २०२२ला अपिलातही तेच कायम झालं. 'व्हर्जन', म्हणजे जुनं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड काढायची कायदेशीर वाट आहे, पण तिथे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. तुमचे श्रोते तीनशे.

हेडफोनवाला

मी चार वर्षं पॉडकास्ट करतोय, म्हणून व्यवहारातलं सांगतो. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे तिकडे जातात, भाग राहतो. स्ट्राइक वाईट, त्यात मालकाच्या तक्रारीवरून भागच उतरवतात आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं. यूट्यूबचे बऱ्याच कंपन्यांशी करार आहेत म्हणून तिथे निभतं. ऑडिओ ॲपवर तसं गृहीत धरू नका. तिथे 'सगळे हक्क माझ्याकडे आहेत' यावर तुम्हीच टिकमार्क केलेला असतो.

परवानगीसाठी आधी आयपीआरएसला लिहा. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९पासून आहे. 'मराठी गाणी वापरायची आहेत' असं मोघम लिहू नका. गाणं, गीतकार, संगीतकार, किती मिनिटं, कुठल्या ॲपवर, श्रोते किती, कमाई किती, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये. मी पहिल्यांदा 'सर, परवानगी मिळेल का' एवढंच लिहिलं होतं. मीच वाचलं तरी उत्तर दिलं नसतं.

मिरजेची_भाची

दहावा भाग काल उतरवला, मेल लिहायला घेतलाय.

सातव्याचं आत्यानेच मिटवलं. सगळं ऐकून घेतलं, भाजी निवडत होती ती बाजूला सारली आणि म्हणाली, "शब्द आपले ना? मग चाल मी लावते." काकांना हाक मारली, भीमपलासात दोनदा गुणगुणली, तिसऱ्यांदा ध्रुवपद बसलं. अंतऱ्यात मात्र जुन्या चालीकडे घसरतेय, इतक्या वर्षांची सवय. काका पेटी थांबवून म्हणतात, "वहिनी, क्लेम!" की परत पहिल्यापासून. रविवारी रेकॉर्ड करतोय, कुकर आधी उतरवून.