जुन्या स्प्लेंडरची कॅफे रेसर: 15 हजारांत घरी कितपत जमेल?

प्रश्न: कॅफे रेसर (खाली झुकलेलं हँडल, छोटी सीट अशी जुन्या रेसिंग धाटणीची गाडी) करायचीय. 100 सीसी स्प्लेंडर आहे, इंजिन ठीक, धूर नाही. ग्राइंडर आहे, वेल्डिंग मशीन नाही. पैसे आधी कशावर घालू? मागची चेसिस कापू का?

उत्तर 1: आधी ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, टायर आणि कोनसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग आणि त्यांच्या वाट्या). पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं, तर वाट्यांत खड्डे पडलेत, सेटच बदला. कापायचंच असेल तर शॉकअपच्या बोल्टच्या मागेच, पुढे अजिबात नको, तिथे भार येतो. वेल्डिंगआधी टाकी काढून लांब ठेवा, बॅटरी आणि सीडीआयचं (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डब्याचं) सॉकेट सोडवा.

उत्तर 2: एअरबॉक्स (मूळ एअर फिल्टरचा डबा) काढून कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा फिल्टर) लावायचा मोह टाळा. हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, प्लग पांढराफटक पडतो आणि इंजिन तापतं. लावलाच तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी) एकेक नंबर वाढवत जा, प्लग फिकट तपकिरी येईपर्यंत.

उत्तर 3: क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कवर बसणारं, दोन तुकड्यांचं बुटकं हँडल) लावल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम वाढला तर रेसची केबल ताणली जातेय, मार्ग बदला. वायरिंग सोडवण्याआधी प्रत्येक जोडावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावा. नुसत्या फोटोवर विसंबू नका, रंग ओळखू येत नाहीत.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं) वाचा. चेसिस कापणं त्यात अडकू शकतं. सीट, हँडल, रंग एवढ्यावरही गाडी देखणी होते. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. सायलेन्सर मूळचाच ठेवा.