बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या हॉकी टीममध्ये मुलीला पाठवावं का?

अनघा_एडिसन

नमस्कार मंडळी. इथे आइस हॉकीवर कुणी लिहिलेलं पाहिलं नाही, पण अमेरिका-कॅनडातली बरीच मंडळी वाचतात म्हणून विचारते.

माझी मुलगी अकरावीत आहे. आठ वर्षांची असल्यापासून हॉकी खेळते, गोली म्हणजे गोलरक्षक आहे. मी नागपूरची; इकडे येईपर्यंत बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलेला. आता पहाटे पाचला रिंकवर सोडणं, ओली पॅड्स गाडीत भरणं अंगवळणी पडलंय. तिला कॉलेजमध्ये डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या स्तरावर खेळायचंय. तीन कॉलेजं तिच्या मनात आहेत, त्यातलं एक पिट्सबर्गजवळचं रॉबर्ट मॉरिस. तिथल्या उन्हाळी कॅम्पहून ती फार खुश होऊन आली.

मग नवऱ्याने जुन्या बातम्या काढल्या. २०२१ मध्ये त्या युनिव्हर्सिटीने मुलांची आणि मुलींची, दोन्ही हॉकी टीम बंद केल्या होत्या. दोन सीझन टीमच नव्हती. २०२३ मध्ये परत सुरू झाली. तो म्हणतो, जे एकदा झालं ते पुन्हा होईल. मुलगी म्हणते, बाबा उगाच घाबरवतात. दोघांच्या मध्ये मी आहे. अशा परत आलेल्या टीमचा कुणाला जवळून अनुभव आहे का?

संदीप_डी

तुमच्या मिस्टरांशी सहमत. बंद करण्याचा निर्णय पहिल्यांदा घेणं अवघड असतं, दुसऱ्यांदा सोपं. आइस हॉकी महागडा खेळ आहे. रिंकचं भाडं, प्रवास, गोलीचं सामान, सगळाच खर्च. कॉलेजला पैसे कमी पडले की कात्री आधी तिथेच लागते. उरलेली दोन कॉलेजं बघा.

ओहायोकाठी

अनघा, मी तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझं वय अठ्ठावन्न. वीस वर्षांहून जास्त काळ मून टाउनशिपमध्ये राहते, म्हणजे रॉबर्ट मॉरिसच्या अंगणातच. टीमचं रिंक नेविल आयलंडवर आहे. पिट्सबर्गच्या थोडं खाली ओहायो नदीच्या मधोमध एक लांबट बेट आहे, तिथे कारखाने, टाक्या, ट्रक, आणि त्यांच्यातच हे रिंक. माझी मुलगी तिथे स्केटिंग शिकली. कॉलेजच्या मुलींच्या मॅचेस आम्ही बघायला लागलो त्या तिच्या हट्टाने, आणि ती घर सोडून गेल्यावरही माझं जाणं सुरूच राहिलं.

२०२१ चा वसंत तुला सांगते, कारण बातमीत फक्त 'बंद' हा शब्द येतो. मुलींची टीम काही रडतखडत चालली नव्हती. मार्चमध्ये त्या कॉलेज हॉकी अमेरिका या आपल्या लीगच्या विजेत्या झाल्या आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचल्या. ती स्पर्धा त्या वर्षी ईरीला होती, इथून दोन तासांवर. कोविडमुळे मी लॅपटॉपवर पाहिली. नॉर्थईस्टर्नशी हरल्या. नॉर्थईस्टर्नच्या गोलमध्ये एरिन फ्रँकेल होती, त्याच वर्षी पॅटी काझमायर हा कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम मुलीचा पुरस्कार मिळालेली. तुझ्या लेकीला नाव माहीत असेल. एप्रिलमध्ये मुलांच्या कॉलेज हॉकीची फ्रोझन फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमची फेरी पिट्सबर्गला झाली आणि तिचं यजमानपद रॉबर्ट मॉरिसकडे होतं. सगळ्या देशाचं कॉलेज हॉकी आमच्या गावात आलं होतं. आणि २६ मे रोजी जाहीर झालं की दोन्ही टीम बंद. मार्चमध्ये जिंकलेल्या मुलींना जूनमध्ये टीम नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याला घरचं कारण होतं. माझ्या मुलीचीही टीम अशीच गेली होती. हॉकी नव्हे, पोहण्याची, आणि कॉलेजही दुसरं. नाव लिहीत नाही. ती दुसऱ्या वर्षाला होती. मंगळवारी सकाळी ईमेल आला, संध्याकाळी तिचा फोन. पहिलं वाक्य होतं, "आई, उद्या पहाटे उठायचं कशाला?" स्कॉलरशिप चालू राहील असं तिला तोंडी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी ती निम्मी झाली, आणि आमच्याकडे कागदावर काही नव्हतं. म्हणून तुझ्या नवऱ्याची भीती मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे.

पण संदीप, 'दुसऱ्यांदा सोपं' हे मला पटत नाही, आणि इथे जे झालं ते डोळ्यांसमोर झालं म्हणून पटत नाही. मे महिन्यात निर्णय आला आणि उन्हाळ्यात माजी खेळाडू, पालक, गावातले हॉकीवाले एकत्र आले. पिट्सबर्ग कॉलेज हॉकी फाउंडेशन उभं राहिलं आणि पैसे जमवायला लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये युनिव्हर्सिटीने दोन्ही टीम परत आणायचं जाहीर केलं. सात महिने. तेव्हाही लगेच खेळता येणार नव्हतं, कारण खेळायला कुणी उरलंच नव्हतं. मुली ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, वेगवेगळ्या कॉलेजांत पांगल्या होत्या. त्या गेल्या याचा कुणाला राग नव्हता. कॉलेज खेळाची वर्षं मोजकी असतात, थांबणार कशी? काहींनी तर दुसऱ्या कॉलेजचा जर्सी घालून या टीमसाठी पैसे मागितले, आणि त्या टीममध्ये आपण पुन्हा खेळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे मी विसरू शकत नाही.

२०२३-२४ ला टीम बर्फावर उतरली. कोच लोगन बिटल. रोस्टर म्हणजे खेळाडूंची यादी सगळी नवी, पहिल्या वर्षाच्या मुली आणि दुसरीकडून आलेल्या काही जणी. आता खरं सांगते, तो सीझन बघणं जड गेलं. पेन स्टेट, मर्सीहर्स्ट असल्या मुरलेल्या टीम समोर, आणि आपल्याकडे एकमेकींना ओळखून सहा महिने झालेल्या मुली. पास द्यायला वर बघायचं तर तिथे कोण असेल याचा अंदाजच नाही. जिंकल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त मॅचेस हरल्या. परत आलेली टीम जुनी टीम नसते, फक्त जर्सी जुना असतो. नव्याने येणाऱ्या मुलीला हे आधी माहीत असायला हवं, नाहीतर डिसेंबरपर्यंत ती मनाने मोडते.

आता तुझी मुलगी गोली आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट. रॉबर्ट मॉरिसची मुलींची टीम पहिल्यांदा सुरू झाली २००५-०६ मध्ये. त्या पहिल्या तुकडीत ब्रिआन मॅकलॉफ्लिन नावाची गोली होती. नवी टीम, बचाव कच्चा, म्हणजे गोलीवर पकांचा (हॉकीच्या रबरी चकत्यांचा) मारा. चार वर्षं तिने तो झेलला. पुढे ती अमेरिकेच्या संघात गेली, २०१० ला व्हँकुव्हर आणि २०१४ ला सोची, दोन्ही ऑलिंपिकची रौप्यपदकं. मोठ्या नावाच्या कॉलेजात तीन गोलींपैकी तिसरी म्हणून दारापाशी बसण्यापेक्षा हरणाऱ्या टीममध्ये रात्रीला चाळीस शॉट्स अंगावर घेणं, यातलं काय हवं हे तुझ्या लेकीला विचार. फॉरवर्डचं, म्हणजे पुढे चढाई करणारीचं, उत्तर वेगळं असेल. गोलीसाठी हा प्रश्न खरा आहे.

आणि पुढचं सगळं लेखी घ्या, हे माझ्या मुलीच्या अनुभवावरून सांगते. टीम मध्येच बंद झाली तर डिग्री होईपर्यंत स्कॉलरशिप तेवढीच राहील का? करार एका वर्षाचा आहे की जास्त? बाहेरून उभा केलेला पैसा किती वर्षांना पुरेल, आणि नंतर बजेटात हॉकीची जागा कुठे आहे? पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज यांना बांधणारा कागद असायचा, तो २०२४ मध्ये रद्द झाला, आता आर्थिक मदतीचा करार हाच कागद. तो नीट वाचा. कोच कितीही चांगला असो, हे प्रश्न कोचला नको, अॅथलेटिक्सच्या ऑफिसला विचारा. कोचच्या हातात ते नसतं.

फ्रेडरिक्टनकर

काकूंचं वाचून लिहावंसं वाटलं. मी कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये राहतो. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू ब्रन्सविकची गोष्ट पिट्सबर्गपेक्षा वेगळी आहे, कारण इथे फक्त मुलींची टीम खाली उतरवली होती. २००८ मध्ये व्हार्सिटीवरून, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अधिकृत टीमवरून, क्लब केली. मुलांची टीम देशातल्या सगळ्यात बलाढ्य टीमपैकी एक, ती जशीच्या तशी राहिली. २०२३-२४ ला तर ती एकही मॅच न हरता ४३ पैकी ४३ जिंकून चॅम्पियन झाली.

ज्यांना क्लब आणि व्हार्सिटीतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लब म्हणजे बर्फाचे, बसचे, जर्सीचे पैसे बहुतेक मुलींनीच वर्गणी काढून भरायचे, उरेल त्या वेळेला सराव करायचा, आणि मॅच कुणाशी तर जो मिळेल त्याच्याशी. खेळ तोच, रिंकही तेच असू शकतं, पण दारावर नाव नाही.

सिल्व्हिया ब्रायसन या माजी खेळाडूने मानवी हक्कांखाली तक्रार केली. ती वर्षानुवर्षं चालली. शेवटी हा भेदभावच आहे असा निर्णय आला आणि २०१८-१९ च्या सीझनला मुली व्हार्सिटीत परतल्या. दहा वर्षं. पिट्सबर्गला सात महिने पैसे जमवले, इथे एका बाईने दहा वर्षांतला मोठा काळ कागद लढवले.

मी पहिल्या सीझनला एटकन सेंटरमध्ये जायचो. तोवर मला ऑफसाइडही कळत नव्हता. आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी बरोबर असायची. तिने एकदा विचारलं, "या मुली आधी कुठे होत्या?" मी सांगितलं, होत्या, पण खेळायला देत नव्हते. तिला ते पटेना. ती आता स्वतः खेळते.

संदीप, इथली टीम परत आल्याला बरीच वर्षं झाली, आणि ती टिकून आहे. सगळीकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही.

संदीप_डी

बरोबर, माझं वाक्य जास्तच ठाम झालं. पैशाचा मुद्दा मात्र सोडत नाही. लेखी घ्या हे काकूंनी सांगितलंच आहे.

अनघा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं उत्तर मी जेवताना मोठ्याने वाचलं. 'उद्या पहाटे उठायचं कशाला' इथे आम्ही तिघंही गप्प झालो. नवऱ्याने प्रश्नांची यादी लिहायला घेतली आहे. त्याला करायला काहीतरी मिळालं याचं मला बरं वाटलं.

मुलीला चाळीस शॉट्सचं विचारलं. ती म्हणाली, "तिसरी गोली म्हणून जाण्यापेक्षा हरेन." मॅकलॉफ्लिनचे जुने व्हिडिओ शोधत बसली आहे. एक विचारायचं होतं. भेट देऊन यायचं तर कुठला वीकेंड बरा? आणि तिला काय बघायला सांगू?

ओहायोकाठी

घरच्या मॅचेस बहुतेक शुक्रवार-शनिवार लागोपाठ असतात, त्याच टीमशी. दोन्ही बघा. शुक्रवारी हरलेली टीम शनिवारी कशी उतरते ते बघ म्हणावं, त्यातून कोच कळतो. टीम जिंकत असेल तर हे दिसत नाही. आणि बदली गोलीकडे लक्ष ठेव. पीरियड संपल्यावर खेळणाऱ्या गोलीशी बोलायला पहिली कोण जाते, ते तुझ्या लेकीला तुझ्यापेक्षा आधी दिसेल. लीगचं नाव आता अटलांटिक हॉकी अमेरिका झालंय, वेळापत्रक त्या नावाने शोध. काचेमागे बसू नका, वर मधोमध बसा. तिथून गोलीचे पाय दिसतात. रिंकमध्ये थंडी फार, बसायला जाड चादर आणा.

एडिसनहून गाडीने सहा तास तरी लागतील. हॉटेल करू नका, आमच्याकडे उतरा. शुक्रवारी रात्री वरण-भात तयार असेल. ती सराव करून थेट येणार असेल तर पॅड्स गाडीत ठेवू नका, बेसमेंटमध्ये दोरी बांधलेली आहे आणि मोठा पंखा आहे. सकाळपर्यंत वाळतात.