शाळेच्या लायब्ररीसाठी पुरस्कारप्राप्त बालकुमार पुस्तकं : कुठल्या पुरस्कारावर किती विसंबायचं?

शाळेतली_ताई

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलला मराठी शिकवते आणि लायब्ररीचं कपाट पण माझ्याकडेच आहे. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने पुस्तकांसाठी पंधरा हजार रुपये दिलेत. सरांचं म्हणणं आहे की पुरस्कार मिळालेलीच पुस्तकं घ्या, उद्या कोणी विचारलं हीच का घेतली तर उत्तर तयार पाहिजे. मला ते पटतं पण नेटवर यादी करायला बसले तर सगळा गोंधळ झाला, साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार आहे, युवा पुरस्कार आहे, राज्य शासनाचे आहेत, शिवाय प्रत्येक जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या मंडळाचा पुरस्कार आहेच, आणि आमच्या इंग्लिशच्या मॅडम म्हणतायत न्यूबेरी मेडलवाली चार पुस्तकं पण घे.

पाचवी ते सातवीची मला फार काळजी नाही, ती मुलं हाताला लागेल ते वाचतात. खरा प्रश्न आठवी-नववीचा आहे. ही मुलं बालकविता बघून म्हणतात बाई हे लहान मुलांचं आहे, आणि मोठ्यांची कादंबरी दिली की वीस पानांवर परत आणून देतात. या वयासाठी वेगळा पुरस्कार आपल्याकडे आहे का? आणि पुरस्कार म्हणजे पुस्तक मुलांना आवडेलच असं धरून चालायचं का? कोणी लायब्ररी चालवत असेल, लिहीत असेल, प्लीज सविस्तर सांगा. ऑर्डर याच महिन्यात द्यायची आहे.

रविवारचा_वाचक

ताई, आधी एक, तुमच्या यादीतून युवा पुरस्कार काढून टाका. तो तरुण वाचकांसाठीच्या पुस्तकांना नसतो, ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना असतो आणि पुस्तक बऱ्याचदा मोठ्यांचंच असतं. बरेच जण यात फसतात.

बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून आहे. सगळ्या २४ भाषांसाठी, प्रत्येक भाषेची तीन जणांची ज्युरी, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. वयोगट साधारण ९ ते १६ धरतात म्हणजे चौथीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा एकाच टोपलीत, तुमची अडचण इथूनच सुरू होते. दुसरं म्हणजे पुस्तक आदल्या काही वर्षांतलं असतं, २०२५ चा पुरस्कार २०१९ ते २०२३ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकांतून दिलाय, त्यामुळे निकाल लागेपर्यंत पहिली आवृत्ती संपलेली असू शकते. दुकानात फोन करून आधी विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मराठीत बरीच वर्षं हा पुरस्कार एका पुस्तकाला न देता लेखकाच्या एकूण योगदानाला दिलाय. २०१२ बाबा भांड, २०१३ अनंत भावे, २०१४ माधुरी पुरंदरे, २०१५ लीलाधर हेगडे, २०१६ राजीव तांबे, मग २०१८ रत्नाकर मतकरी. सगळी माणसं मोठी आहेत, प्रश्नच नाही, पण तुम्हाला खरेदीच्या यादीत लिहायला पुस्तकाचं नाव मिळत नाही, त्या लेखकाचं कुठलं पुस्तक कुठल्या वयाला हे तुम्हालाच शोधायचंय. माधुरी पुरंदऱ्यांचंच घ्या ना, त्यांचं राधाचं घर अगदी छोट्यांसाठी आहे आणि वाचू आनंदे चांगलं मोठ्या मुलांपर्यंत जातं. त्यांना २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक अवॉर्ड पण मिळाला, त्या वर्षी लेखकासाठी मराठी भाषा निवडली होती.

पुस्तकाला दिलेले घ्या आता. २०११ बोक्या सातबंडे, दिलीप प्रभावळकर. २०१७ खारीचा वाटा, ल. म. कडू. २०१९ जंगल खजिन्याचा शोध, सलीम सरदार मुल्ला. २०२० आबाची गोष्ट, आबा महाजन. २०२१ जोकर बनला किंगमेकर, संजय वाघ. २०२२ पियूची वही, संगीता बर्वे. २०२३ छंद देई आनंद, एकनाथ आव्हाड. २०२४ समशेर आणि भूतबंगला, भारत सासणे. २०२५ आभाळमाया, सुरेश सावंत. यातली आव्हाड आणि सावंतांची पुस्तकं कवितांची आहेत, ती पाचवी-सहावीकडे द्या. आठवी-नववीला माझ्या मते खारीचा वाटा आणि समशेर. खारीचा वाटा तर नक्कीच, धरणामुळे गाव सोडायला लागतं ही गोष्ट मुलाच्या नजरेतून सांगितलीय आणि कुठेही मुलांना कमी लेखलेलं नाही. तुमच्या भागात धरणग्रस्त वस्ती असेल तर वर्गात काय बोलणं निघेल बघा.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगळे विभाग आहेत, कविता, कथा, कादंबरी, नाटक वगैरे, बालकवी, साने गुरुजी, राजा मंगळवेढेकर, भा. रा. भागवत अशा नावांनी. प्रकारानुसार पुस्तक शोधायला ती यादी चांगली पण वयानुसार वाटणी तिथेही नाहीये.

मीनल_न्यूजर्सी

मी इथे अमेरिकेत गावच्या पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागात काम करते म्हणून इकडच्या पुरस्कारांबद्दल लिहिते, कारण मॅडम म्हणतात तसं नुसतं न्यूबेरी घे म्हटलं तर पुरे होत नाही.

न्यूबेरी १९२२ पासून आहे, मुलांच्या पुस्तकांसाठीचा जगातला सगळ्यात जुना मोठा पुरस्कार. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन देते, निवड करणारे बहुतेक लायब्ररियन. दर वर्षी एकच मेडल, मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का, आणि काही ऑनर पुस्तकं, त्यांना चंदेरी. वय १४ पर्यंत. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी पाहिजे. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला कॅल्डेकॉट, तो १९३८ पासून. आणि तुमच्या आठवी-नववीचं जे आहे ना त्याला इथे प्रिन्झ अवॉर्ड, २००० साली सुरू झाला, कॅन्ससमधल्या टोपेका शहरातल्या एका शाळेच्या लायब्ररियनचं नाव त्याला दिलंय. १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठीचं पुस्तक. म्हणजे न्यूबेरीचं वय संपायच्या आधीच प्रिन्झचं सुरू होतं, मधल्या वयातली मुलं कुणाच्याच हातून सुटत नाहीत. २००७ चा प्रिन्झ एका ग्राफिक नॉव्हेलला मिळाला, अमेरिकन बॉर्न चायनीज, जीन लुएन यांगचं, आणि न्यूबेरीने चित्रकथेला मेडल द्यायला २०२० उजाडलं, जेरी क्राफ्टचं न्यू किड. आपल्याकडे अजून चित्रकथा म्हटलं की पालक म्हणतात हे वाचन नव्हे. तुम्ही त्यांना या दोन पुस्तकांची नावं सांगा.

मला मनापासून आवडतो तो न्यूबेरीच्या नियमातला एक मुद्दा. त्यात स्पष्ट लिहिलंय की हा पुरस्कार पुस्तकातल्या उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. दोन्ही एकाच वाक्यात. मला वाटतं आपल्या मराठी बालसाहित्याच्या प्रत्येक निवड समितीच्या टेबलावर हे वाक्य छापून ठेवायला पाहिजे, कारण आपल्याकडे परीक्षकांच्या मनोगतात संस्कार हा शब्द आधी येतो आणि गोष्ट कशी सांगितलीय, मूल त्यात खरं वाटतं का, भाषा जिवंत आहे का हे सगळं नंतर. चौदा वर्षांच्या मुलाला उपदेशाचा वास पहिल्या पानावर येतो हो ताई, तो पुस्तक मिटतो आणि मग आपण म्हणतो मुलं वाचत नाहीत.

तुमच्या मुलांना इंग्लिशमधून घ्यायचं असेल तर मेडलच्या मागे न लागता ऑनर यादी बघा. २०१९ च्या ऑनरमध्ये वीरा हिरानंदानीचं द नाइट डायरी आहे, १९४७ च्या फाळणीत घर सोडून निघालेली बारा वर्षांची निशा रोज रात्री वहीत आपल्या नसलेल्या आईला लिहिते. पियूची वही वाचलेल्या मुलीला हे पुढचं पुस्तक म्हणून द्या, वही दोन्हीकडे आहे पण जग पूर्ण वेगळं. भारताशी नातं म्हणाल तर १९२८ सालीच धनगोपाल मुखर्जींना न्यूबेरी मिळालंय, गे-नेक, कलकत्त्यातल्या कबुतराची गोष्ट, जे पुढे पहिल्या महायुद्धात निरोप पोचवतं. इंग्लिश जुनं आहे, मुलांना जड जाईल, तुम्ही वाचून सांगा. आणि भारतात छापलेली इंग्लिश पुस्तकं हवी असतील तर बंगळुरूचा नीव बुक अवॉर्ड बघा, त्यात यंग अॅडल्ट असा वेगळा गट आहे.

तिसरी_आवृत्ती

मुलांसाठी लिहितो म्हणून आतली बाजू सांगतो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या पुरस्कारांत कळकळीने काम करणारी माणसं आहेत, तीस तीस पुस्तकं घरी नेऊन वाचतात, मानधन नाही काही नाही, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण काही ठिकाणी प्रवेश फी मागतात, वर पुस्तकाच्या तीन-चार प्रती, वर सोहळ्याला स्वखर्चाने या. मला एका संस्थेकडून असं पत्र आलं की पुरस्कार जाहीर झालाय, कृपया स्मृतिचिन्हाचा खर्च पाठवा. अशा ठिकाणी पुस्तक कोणी वाचलं की नाही हेच कळत नाही. म्हणून ताई पुरस्काराचं नाव बघून थांबू नका, तीन गोष्टी विचारा, परीक्षक कोण होते ते जाहीर केलंय का, लेखकाकडून पैसे घेतात का, आणि मागच्या पाच वर्षांतली विजेती पुस्तकं आज मिळतात का. तिन्हीची उत्तरं नीट मिळाली तर तालुक्याचा पुरस्कार पण खुशाल धरा.

आणि वर म्हटलंय ते खरंय, १३ ते १६ साठी मराठीत वेगळा पुरस्कार नाही म्हणून लेखकही तिकडे कमी वळतात. मी स्वतः नववीतल्या मुलीवर कादंबरी लिहिली, प्रेम आहे, घरातलं भांडण आहे, तर एका प्रकाशकाने सांगितलं बालसाहित्यात बसत नाही आणि दुसऱ्याने सांगितलं मोठ्यांच्यात बसत नाही. पुरस्काराचा गट असता तर निदान पाठवायला पत्ता असता. किशोर मासिक १९७१ पासून बालभारती चालवते आहे, नाव सुद्धा या वयाचंच आहे, पण मासिकातून तयार झालेला हा वाचक पुढे पुस्तकांच्या दुकानात आला की त्याच्यासाठी शेल्फ नाही.

दोन_मुलांचा_बाबा

मी थोडा विरुद्ध बोलतो. पुरस्कार मोठी माणसं मोठ्या माणसांना देतात, मुलांना कोणी विचारत नाही. माझ्या धाकट्याला फास्टर फेणे कुठल्या पुरस्काराने वाचायला लावला नाही, थोरल्याने वाचला म्हणून त्याने वाचला. पंधरातले पाच हजार मुलांच्या मागणीला ठेवा असं मी म्हणेन. सरांना सांगा हा पण निकषच आहे.

मीनल_न्यूजर्सी

@बाबा, याला उत्तर आहे. इंग्लंडात कार्नेगी मेडल आहे, १९३६ पासूनचं, तेही लायब्ररियनच देतात. पण तिथे शॅडोइंग म्हणून प्रकार चालतो, शॉर्टलिस्ट जाहीर झाली की शाळाशाळांत मुलांचे गट तीच पुस्तकं वाचतात, भांडतात, स्वतःचा विजेता ठरवतात, आणि तो मोठ्यांच्या निवडीपेक्षा वेगळा निघू शकतो. त्यासाठी बजेट लागत नाही. ताईंच्या शाळेत अकादमीची सहा पुस्तकं आली की नववीच्या मुलांनी परीक्षक व्हायचं, प्रत्येकाने कारण लिहून द्यायचं. आवडलं नाही असं लिहिलेलं चाललं पाहिजे मात्र, त्यावर बाईंनी लाल पेन चालवायचं नाही.

शाळेतली_ताई

खूप खूप आभार सगळ्यांचे. आज सरांशी बोलले, न्यूबेरीच्या नियमातलं ते उपदेशाचं वाचून दाखवलं तर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले चार हजार मुलांच्या यादीला ठेवा. बाबा, तुमचे पाच नाही मिळाले पण चार मिळाले.

सध्या ठरलंय ते असं : खारीचा वाटा आणि समशेर आणि भूतबंगला प्रत्येकी चार प्रती कारण गटाने वाचायचं आहे, जंगल खजिन्याचा शोध, पियूची वही, बोक्या दोन-दोन, वाचू आनंदेचे भाग, कवितांची दोन पुस्तकं पाचवीसाठी, आणि इंग्लिशमध्ये द नाइट डायरी एक. परीक्षक मंडळ नववी ब चं, नावं द्यायला आजच अकरा मुली आणि तीन मुलगे आले. मुलगे कमी आहेत, त्यांना कसं ओढायचं सांगा कोणीतरी.

@तिसरी_आवृत्ती, तुमची ती नववीतल्या मुलीवरची कादंबरी छापली गेली नसेल तर हस्तलिखित वाचायला द्याल का? माझ्याकडे चौदा परीक्षक आहेत.

तिसरी_आवृत्ती

देतो. मेसेजमध्ये शाळेचा पत्ता पाठवा, प्रिंट काढून पोस्टाने पाठवतो. फक्त मुलांना सांगा शेवटचं प्रकरण अजून पक्कं नाही, त्याबद्दल जे वाटेल ते लिहा. आणि मुलग्यांसाठी, समशेरचं पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः वर्गात मोठ्याने वाचा आणि तास संपला की पुस्तक टेबलावर ठेवून निघून जा.