मदत हवी आहे: पांगाऱ्यातली ढोली तांबट पक्ष्याची की कुटुर्ग्याची?

नमस्कार मंडळी. मी रोज सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाते. थंडी सरत आलीये, गिरिपुष्प गुलाबी झालंय. काटेसावरीखाली तर जाड पाकळ्यांच्या लाल फुलांचा सडा असतो. वर मधासाठी साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, अगदी खारीसुद्धा. तिथून पाय निघत नाही.

अडलंय ते पुढे. वाटेलगतच्या पांगाऱ्याच्या वाळक्या आडव्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक दिसलं, लिंबू जेमतेम आत जाईल एवढं. खाली ताजा भुसा. आसपास ‘टुक टुक टुक’ अखंड चालू असतं, म्हणून तांबट वाटतो. पण कुटुर्ग्याचं ‘कुटुर्र कुटुर्र’ही ऐकू येतं. दोघंही मऊ, वाळक्या लाकडात ढोली कोरतात. मग पक्षी आत-बाहेर करताना दिसला नाही, तर नुसत्या भोकाच्या आकारावरून ओळखता येईल का?

आणि अंडी-पिल्लं असतील तर किती अंतरावर थांबावं? मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाहीये. फोटोही लांबूनच घेईन. कुणी घरटी नीट पाहिली असतील तर कृपया सांगा.