काटा, वाटी आणि वही : मोजून मोजून दमलेल्यांचा अनुभव धागा

वर्षानुवर्षं डाएटवर असलेल्या माणसाचा थकवा भुकेपेक्षा हिशेबाचा जास्त असतो. सकाळी काटा, दुपारी पोळ्यांची मोजदाद, चहातली साखर ॲपमध्ये, रात्री बेरीज. बेरीज जुळली तरी उद्या पुन्हा शून्यापासून. तर इथे "अमुक महिन्यांत अमुक किलो" नको. कुठलं मोजमाप कितपत भरवशाचं, ते कुठे आणि का चुकतं, आणि थांबायचं तर कसं, एवढंच लिहा. ग्रॅम, मिली, दिवस असे आकडे द्या. अभिनंदनं आणि शपथा वगळा. प्रत्येकाने आपल्या नोंदीवर टोपणनाव घाला.

तागडी

काट्यापासून सुरुवात. घरगुती डिजिटल काटा चारही पायांवर सपाट बसला पाहिजे. एक पाय फरशीच्या सांध्यावर आला किंवा खाली गालिचा असला की आकडा फिरतो. सेल उतरले तरी फिरतो. शिवाय बऱ्याच काट्यांना मागचं वजन लक्षात ठेवायची खोड असते. दुसऱ्यांदा उभं राहिल्यावर फरक थोडकाच असेल तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, आणि आपल्याला वाटतं, काय अचूक काटा आहे! तपासायचं तर मधे एकदा पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी घेऊन उभं राहा. साधारण पाच किलोच वाढले पाहिजेत. मग पिशवी खाली ठेवून पुन्हा वजन करा.

आता काट्यावरच्या माणसाचं. अर्धा लिटर पाणी प्यायलं की अर्धा किलो तिथल्या तिथे वाढतो. शरीरात 9 ग्रॅम मीठ जास्तीचं राहिलं तर त्याच्यासोबत साधारण लिटरभर पाणी थांबतं. लोणचं, पापड, फरसाण, लग्नाची पंगत यांचा दुसऱ्या दिवशीचा आकडा हा मिठाचा असतो. पाळीच्या आधी एक-दीड किलो सहज वाढतं. बद्धकोष्ठ, नव्या व्यायामाने दुखणारे स्नायू, अपुरी झोप हेही काट्यावर दिसतं.

एक नमुना आठवडा घ्या. सोमवार 68.4, मंगळवार 68.9, बुधवार 69.3, गुरुवार 68.8, शुक्रवार 68.3, शनिवार 68.5, रविवार 68.2. सरासरी 68.6. सोमवारनंतर थेट बुधवारीच काटा बघणाऱ्याला 900 ग्रॅम वाढलेले दिसतात. एवढी चरबी साठायला दोन दिवसांत गरजेपेक्षा 7000 कॅलरी जास्त खाव्या लागतील, म्हणजे पाऊण किलोवर तेल नुसतं पिऊन टाकण्यासारखं. म्हणून रोज करायचं असेल तर रोज करा, पण बघा फक्त सात दिवसांची सरासरी. नाहीतर करूच नका. "आठवड्यातून एकदाच" हा सल्ला सगळे देतात, पण तो माझ्या मते सगळ्यात वाईट. कुठला वार हाती लागेल हा निव्वळ नशिबाचा भाग.

रेल्वे स्टेशनवरचं ते दिवे लुकलुकणारं यंत्र आठवतं? तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दोन्ही बाजूंवर सारखाच विश्वास ठेवावा.

उसळवाली

घरातल्या स्वयंपाकाचं मोजमाप कसं करतात ते एकदा नीट करून बघा, म्हणजे ते किती टिकतं तेही कळेल. मटकीची उसळ घेऊ.

रिकाम्या कढईचं वजन करून लिहून ठेवा, समजा 800 ग्रॅम. सुकी मटकी 200 ग्रॅम, साधारण 650 कॅलरी. तेल 30 मिली, म्हणजे 27 ग्रॅम, 245. कांदा 150 ग्रॅम, 60. ओलं खोबरं 50 ग्रॅम, 190. गूळ 10 ग्रॅम, 35. एकूण 1180. उसळ झाल्यावर कढईसकट 1900 भरलं, तर उसळ 1100 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमला साधारण 107. आपली वाटी 160 ग्रॅमची असेल तर 170 च्या आसपास.

हे सगळं बरोबर, पण तर्री वर तरंगते. ज्याच्या वाटीत वरचा थर गेला त्याचं तेल जास्त, तळातून वाढून घेणाऱ्याचं कमी. वहीत दोघांची नोंद एकच. पळी "अंदाजे" ओतली आणि 30 ऐवजी 45 मिली गेलं, तर कढईत 120 कॅलरींची भर पडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

वाट्यांचंही तसंच. दोन संचांतल्या वाट्या पाण्याने भरून मोजा. एक 110 मिलीची निघते, दुसरी 200 ची, आणि ॲपमध्ये दोन्ही "1 वाटी". पोळीचं म्हणाल तर 30 ग्रॅम कणकेची पोळी साधारण 100 कॅलरी, घडीत अर्धा चमचा तेल असेल तर आणखी 20. भाकरीला पीठ 60 ते 80 ग्रॅम लागतं, म्हणजे 200 ते 270. "एक भाकरी, एक पोळी, सारखंच" म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे कोसळतो. भाताची चूक आणखी मोठी. 100 ग्रॅम तांदूळ साधारण 350 आणि 100 ग्रॅम शिजलेला भात 130. शिजलेल्याचं वजन कच्च्याच्या नोंदीत टाकलं की आकडा अडीचपटीहून जास्त फुगतो, आणि माणूस उगीच अर्धा भात परत डब्यात टाकतो.

रोजच्या या कटकटीऐवजी एकच मोजा : तेल. पिशवी किंवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख घाला. चार माणसांत महिन्याला 3 लिटर संपत असेल तर माणशी दिवसाला 25 मिली, म्हणजे साधारण 205 कॅलरी. महिन्यातून एक भागाकार. बाहेरचं खाणं त्यात येत नाही, तेवढी त्रुटी मान्य करायची.

चार-नऊ-चार

वरच्या हिशेबाला जोड. दर ग्रॅमला पिष्ट (कार्बोहायड्रेट) 4 कॅलरी, प्रथिनं 4, चरबी 9 हे गुणक ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या कामातून आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आजही पाकिटांवरचे बहुतेक आकडे त्याच सरासरीवर निघतात. ते सरसकट बरोबर नसतात. बदामाचं प्रत्यक्ष माणसांवर मोजमाप झालं तेव्हा 28 ग्रॅमला शरीराला मिळाल्या सुमारे 129 कॅलरी, तर गुणकांनी निघतात 170 च्या आसपास. उरलेली चरबी न फुटलेल्या पेशींत अडकून तशीच बाहेर पडते.

आपल्या पदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 खाद्यपदार्थांचे तक्ते छापले. ॲपमधल्या कुणीही भरलेल्या नोंदींपेक्षा ते केव्हाही बरे. तरी तेही नमुन्यांचेच आकडे, तुमच्या पाटीतल्या वांग्याचे नाहीत. त्यामुळे दिवसाअखेर "1427" दिसलं तर शेवटचे दोन अंक पुसून वाचा.

मनगटावरच्या घड्याळाने "300 खर्च" म्हटलं म्हणून 300 खाऊ नका. 2017 मध्ये अमेरिकेत सात घड्याळं तपासली गेली. नाडीचे ठोके बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी 27 टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्के. आणि दहा हजार पावलं? तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे.

अर्धपोटी

दमणूक मनाची नाही, शरीराचीच आहे, हे कुणीतरी लिहायला हवं. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण 1570 कॅलरींवर. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. पण ती माणसं दिवसभर जेवणाबद्दल बोलायची, पाककृती जमवायची, ताटातलं तासन् तास चिवडत बसायची, चिडायची. यातली किती लक्षणं आपण "माझा स्वभावच खादाड" या खात्यात टाकतो ते बघा. आणि दिवसाला 1200 कॅलरींचा तक्ता आजही सर्रास हातात दिला जातो.

वजन उतरल्यावरचंही तसंच. 2011 च्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि तृप्ती कळवणारं लेप्टिन उतरलेलं होतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचा बसल्याजागी होणारा खर्च अपेक्षेपेक्षा रोज 500 कॅलरींनी कमी निघाला. "रोज 500 कमी खा, वर्षात 23 किलो जातील" हे गणित इथेच मोडतं.

एकादशी

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे खरंच आहे. साबुदाणा 60 ग्रॅम 210, दाण्याचं कूट 25 ग्रॅम 140, तूप दोन चमचे 80, बटाटा 40. एक बशी खिचडी 470. तक्रार कॅलरींची नाही, ती चारला लागणाऱ्या भुकेची आहे. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. सोबत वाटीभर दही घ्या, किंवा वरीचा भात आणि दाण्याची आमटी. आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नका.

डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर या वादातही थोडं असंच झालं. एकीकडे दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत; दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं. दोन्हींत येताजाता फरसाणाच्या डब्यात जाणारा हात थांबतो, आणि बराचसा फरक तिथेच पडतो. सोसेल ते धरा. दर सहा महिन्यांनी गुरू बदलू नका.

वही बंद

थांबवायचं कसं. एकदम सगळं सोडलं तर पंधरा दिवसांत पुन्हा वही उघडली जाते. म्हणून उतरत्या क्रमाने.

पहिला आठवडा : व्यायामाच्या कॅलरी नोंदवणं बंद, कारण त्या सगळ्यात खोट्या. दुसरा : भाज्या, कोशिंबीर, ताक, फळं यांची नोंद बंद. तिसरा-चौथा : रात्रीचं जेवण नोंदवायचं नाही. मग दुपारचं. सकाळचा नाश्ता शेवटी, कारण तो बहुतेकांचा ठरलेलाच असतो, नोंदवायला फारसे कष्ट पडत नाहीत. ॲपच्या सूचना आणि "सलग इतके दिवस" हा आकडा पहिल्याच दिवशी बंद करा. माणूस अडकतो तो जास्त करून त्याच आकड्यात.

नोंदीच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग पोळी किंवा भात, पाव भाग डाळ-उसळ-अंडं-मासे. यात चूक होते ती वरणाच्या वाटीत. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम 15-20 ग्रॅम डाळ असते, म्हणजे 4 ग्रॅम प्रथिनं. तेवढ्यावर पाचला भूक लागणारच. घट्ट डाळ किंवा उसळ घ्या, नाहीतर सोबत एक अंडं (6 ग्रॅम) किंवा 50 ग्रॅम पनीर (9 ग्रॅम).

पहिल्या दोन आठवड्यांत वजन दीड-दोन किलो वाढेल. घाबरून परत फिरतात ते इथेच. शरीरात ग्लायकोजेनचा (स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या पिष्टाचा) 400-500 ग्रॅम साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत 3 ग्रॅम पाणी. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झटकन उतरलेलं तेच हे, आता परत भरतंय. चार आठवडे काटा बंद ठेवा. अगदीच राहवत नसेल तर आकड्याकडे पाठ करून उभं राहा आणि घरातल्या दुसऱ्याला लिहून ठेवायला सांगा.

महिन्यातून एकदा टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरपुढे साखर-रक्तदाब तपासून घ्यावा.

डोक्यातली बेरीज मात्र सुरूच राहते. त्यावर एक साधा उपाय : ज्या वाटीची मिली पाठ आहे ती वाटी माळ्यावर. दुसरा संच काढा आणि तो पाण्याने मोजायला जाऊ नका.

वॉर्डातून

वरचं सगळं मान्य, पण काहींनी वही बंद करायची नाही, हे ठळक लिहा.

हृदय कमकुवत असलेल्यांनी (हार्ट फेल्युअर) रोज सकाळी, लघवीनंतर, न्याहारीआधी, सारख्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी साचतंय. पायावर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. डायलिसिसमध्ये किती पाणी काढायचं ते तर वजनावरच ठरतं. या रुग्णांसाठी एकेक आकडा औषधाइतका खरा.

इन्सुलिन घेणाऱ्यांना पिष्ट मोजावंच लागतं. 30 ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण 20 ग्रॅम. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर रक्तातली साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. "दोनदाच जेवा"चा व्हॉट्सॲप तक्ता सासूबाईंना परस्पर पाठवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पंगत

आग्रहाचं थोडक्यात. "डाएट आहे" म्हटलं की चर्चा सुरू होते. "एवढंच वाढा, लागलं तर मागून घेते" म्हटलं की वाढणाऱ्याचाही मान राहतो. "सुटलीस गं" याला उत्तर द्यायचंच नाही, थेट विचारायचं : काकू, भाजीत काय घातलंय?

दार उघडं

मोजणं आणि आजार यांतली रेघ कुठे, तर काही खुणा. नोंदवता येत नाही म्हणून बाहेर जेवायला नकार. खाल्ल्यावर उलटी काढणं किंवा जुलाबाची गोळी. चक्कर, केस गळणं, तीन महिने पाळी न येणं. दिवसातून पाच-सहा वेळा काटा. वयात येणाऱ्या मुलामुलींत यातलं एकही दिसलं तर "अभ्यासाचं टेन्शन असेल" म्हणून सोडू नका. आधी फिजिशियनकडून पोटॅशियम आणि ईसीजी, मग मानसोपचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसमोर स्वतःचं वजन मोठ्याने वाचणं मात्र आजच बंद करता येईल.

तागडी

शेवटचं, काट्याबद्दलच. माळ्यावर टाकणार असाल तर सेल काढून ठेवा, आत गळले की पट्ट्या गंजतात. भंगारात देऊ नका. वर वॉर्डातून लिहिलंय तसं, घरातल्या कुणाला उद्या तो रोज लागू शकतो.