बूस्टमध्ये पेट्रोलचं प्रेशर पडतंय: दोष पेट्रोलचा, पंपाचा का आपलाच?

बीड_व्हीटेक:
मंडळी, डोकं आउट झालंय. गाडी २००२ची होंडा सिटी व्हीटेक, वरून बसवलेला छोटा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून घालणारा), बूस्ट म्हणजे त्या हवेचं प्रेशर ६ पीएसआय. टाकीत तासाला २५५ लिटरचा पंप, मोठे इंजेक्टर, बोनेटखाली पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर. त्याची व्हॅक्यूमची (इंजिनाच्या हवेच्या ओढीची) नळी काढून बेस प्रेशर ४३ पीएसआय लावलंय. नळी जोडली की आयडलला ३४ च्या आसपास थांबायला पाहिजे, तर बोनेटखालच्या गेजचा काटा ३१ ते ३८ नाचायलाय. त्याचं एवढं काही नाही.

खरं दुखणं मांजरसुंब्याच्या घाटात. तिसऱ्यात पूर्ण पाय दिला की साडेतीन हजार आरपीएमला डॅशवरचं इलेक्ट्रिक गेज बरोबर ४९ (बेस ४३ अधिक बूस्ट ६) दाखवतं, आणि साडेपाच हजारला जाईस्तोवर ३८. पाय काढला की परत जागेवर. सकाळी सहाला होत नाही. दुपारच्या ४२ डिग्रीत अर्धा तास चालवली की हमखास होतं.

दोन मिस्त्री झाले. एकानं फिल्टर बदलला, दुसरा म्हणतो पंप गेला, नवा टाका. माझं मत असं की २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासूनच हे चालू झालंय. पटत नसेल तर कारण सांगा, नुसती टर उडवू नका.

जुनं_पेट्रोल_नांदेड:
शंभर टक्के पटलं. इथेनॉल मिसळलं की पेट्रोल लवकर वाफ धरतं. त्यात तुमची रिटर्नवाली सिस्टीम. इंजिनाजवळून तापलेलं पेट्रोल परत टाकीत, टाकीतून परत इंजिनाकडे. पंप एवढा मोठा घातला की सगळी टाकी दिवसभर गोल फिरत राहते. पाव टाकी असंल तर बघायलाच नको, चुलीवर ठेवल्यासारखी. पंपाच्या तोंडाशी वाफ झाली की तो पेट्रोल नाही, बुडबुडे ढकलायला लागतो. शिवाय २००२च्या गाडीचं रबर काय २० टक्के इथेनॉलसाठी बनलं होतं का? नळ्या फुगतात, आतून सोलतात, तो कचरा जाऊन बसतो इंजेक्टरात.

ठिबकवाला_लातूर:
आधीच सांगतो, मी कारखान्याला ऊस घालतो, म्हणजे इथेनॉलची बाजू घेणार असं तुम्ही म्हणणारच. म्हणा. पण भाऊ, तुम्ही दोन गोष्टी एकात कालवल्या. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलला १४.७ भाग हवा, २० टक्के मिसळलेल्याला साधारण साडेतेरा. म्हणून जुन्या पेट्रोलवर केलेल्या ट्यूनिंगवर गाडी लीन होणार, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडणार, हे मान्य. पण लीन होणं वेगळं आणि गेजवर प्रेशर पडणं वेगळं. ट्यूनिंग बिघडलं म्हणून काटा ४९ वरून ३८ वर येत नसतो.

आमच्याकडं ठिबकला सँड फिल्टरच्या आधी एक गेज असतं, नंतर एक. दोन्हीत फरक पडला तर फिल्टर तुंबला. दोन्ही सोबतच पडले तर मोटरीकडं बघायचं. तुमच्या मिस्त्र्यानं फिल्टर बदलायच्या आधी दोन्हीकडं मोजलं का? नसंलच मोजलं.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
लातूरकर मोटरीपाशी येऊन थांबले, तिथून पुढं मी घेतो. मी वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करतो, त्यामुळं मला जिकडंतिकडं वायरच दिसते, हा दोष आधीच कबूल.

आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? उरलेलं सगळं रेग्युलेटर टाकीत परत सोडतो. म्हणून पंप निम्म्या दमानं चालत असला तरी काटा बरोबर दिसतो, कमतरता झाकली जाते. साडेपाच हजारला बूस्टमध्ये इंजिनाची भूक पंपाच्या पुढं गेली की परत सोडायला काही उरत नाही, आणि तिथून काटा खाली. तुमचं दुखणं हुबेहूब हेच आहे. पंप पुरा पडत नाही. आता पंप खराब आहे का उपाशी, एवढंच बघायचं.

शेतात बोअरला लांब आणि बारीक केबल टाकली की मोटर पाणी कमी फेकते, हे कुणाला सांगायला नको. २५५ चा पंप प्रेशरखाली ८-९ अँपिअर ओढतो आणि वायर आहे कंपनीची, त्याच्या निम्म्या अँपिअरच्या पंपासाठी टाकलेली. बूस्टमध्ये प्रेशर वाढलं की अँपिअर आणखी वाढतात. कनेक्टर तापतो, तापला की आणखी अडवतो. तुमच्या अर्ध्या तासाचं कारण हे. त्याला ऊसही नको आणि ऊनही.

पंपाच्या सॉकेटवर व्होल्ट मोजा, पण गाडी चालू आणि पंप जोडलेला असताना. सॉकेट काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, मीटर बॅटरीएवढेच व्होल्ट दाखवतो, आणि मिस्त्री म्हणतो वायरिंग ओके. निम्मे पंप याच चुकीपायी बदलले जातात. प्लसकडं किती व्होल्ट पडतात आणि अर्थिंगकडं किती, हे वेगवेगळं लिहून काढा.

जुनं_पेट्रोल_नांदेड:
वायर २००२पासून तीच, मोठा पंपही दोन वर्षांपासून तोच. मग दुखणं आत्ताच कसं? बदललं ते पेट्रोलच. सोपी परीक्षा सांगतो. टाकी फुल करा आणि भर दुपारी त्याच घाटात जा. टाकी भरलेली असंल तर पेट्रोल हळू तापतं. प्रेशर टिकलं तर दोष वाफेचा.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
परीक्षा चांगली आहे, मान्य. पण प्रेशर टिकलं नाही तर माझं ऐकायचं.

परभणी_पासिंग:
सगळे हुशार, पण मूळ प्रश्न कुणीच विचारीना. टर्बो कशाला? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का? कंपनीनं दिलेल्या इंजिनात असले बदल चालत नाहीत. विमेवाला अपघातानंतर पहिल्यांदा हेच बघतो. आणि २००२ची गाडी म्हणजे २०१७ला आणि २०२२ला रजिस्ट्रेशन रिन्यू झालं असणार. २०२७ला परत आरटीओत काय तोंड घेऊन जाणार? त्यात हा भाऊ सार्वजनिक रस्त्यावर, घाटात, पूर्ण पाय देऊन डॅशवरचे आकडे वाचतोय. समोरून उसाची ट्रॉली आली तर कुठलं गेज बघणार?

बीड_व्हीटेक:
घाटाचं बोलणं लागलं, आणि खरंय. आता बायकोचा भाऊ शेजारी बसून आकडे लिहितो. पासिंगचं मला विचारू नका, टर्बो काढून जायचं ठरलंय.

ठिबकवाला_लातूर:
मेव्हण्याला बसवण्यापेक्षा गाडी डायनोवर (जागेवरच ताणून बघायच्या मशीनवर) न्या. आणि तोवर बूस्टमध्ये पाय देऊच नका. ३८ मधून बूस्टचे ६ वजा केले की इंजेक्टरला खरे ३२ उरतात. ४३ च्या जागी ३२ म्हणजे पेट्रोल अर्धं-पाऊण नाही, पण साधारण १४ टक्के कमी, कारण पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटतं. ऐन बूस्टमध्ये एवढी लीन झाली तर नॉकिंग (पेट्रोल सिलिंडरात अवेळी भडकणं) आणि मग पिस्टनला भोक. पिस्टन ऊसवाल्याचा का पेट्रोलवाल्याचा, हे विचारत नसतो.

बीड_व्हीटेक:
रविवारी मोजलं. डायनो इथं कुठं मिळणार, म्हणून पहाटे रिकामा रस्ता बघून दोनदाच ताणली, दुपारी एकदा.
टाकी फुल, दुपार: ३८ चे ३९ झाले. नांदेडकर, माफ करा.
बॅटरीवर १३.८. पंपाच्या सॉकेटवर, जोडलेला असताना, ११.१. प्लसकडं १.६ गेले, अर्थिंगकडं १.१. सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका बाजूनं पिवळं पडलंय, हात लावला तर चटका.
लगेच बॅटरीवरून फ्यूज टाकून ४ स्क्वेअरची वायर ओढली, वेगळा रिले, अर्थिंग थेट बॉडीला रंग खरवडून. आता सॉकेटवर १३.४. आणि साडेपाच हजारला ४६.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
🙏 नव्या पंपाचे पैसे वाचले. चहा पाजा.

जुनं_पेट्रोल_नांदेड:
थांबा, चहा गाळू नका अजून. ४९ कुठाय? तीन पीएसआय कोण खातंय? वायर नवी, रिले नवा, व्होल्ट पूर्ण. टाकी उघडा. बॅटरी काढून, घराबाहेर, गॅस आणि बिडीपासून लांब. आत पंपापासून वरच्या प्लेटपर्यंतची वीतभर नळी बघा, आणि मग मला सांगा.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
तीन पीएसआयचा फरक सेंडरच्या (डॅशवरच्या गेजला आकडा पाठवणाऱ्या सेन्सरच्या) अर्थिंगमुळंही येतो. नळी असंलच असं नाही. आणि तो आयडलचा नाच म्हणजे बहुतेक रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी एकाच रनरवर (एका सिलिंडरच्या हवेच्या पाइपावर) घेतलीय. प्लेनमवरून (सगळ्या पाइपांच्या सामायिक डब्यावरून) घ्या, धक्के कमी होतील. बोनेटखालचं गेज ग्लिसरीन भरलेलं असंल तर तापल्यावर त्याच्या आकड्यावर जाऊ नका. ते गरम झालं की कमी दाखवतं.

बीड_व्हीटेक:
उघडली. नांदेडकर बरोबर निघाले, आणि नाहीत पण. नळी गाजरासारखी फुगलेली, मऊ, क्लॅम्पखाली चीर. पूर्ण प्रेशरला पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत सांडत होतं, म्हणून बाहेर एक थेंब दिसला नाही. पण नळी पंप बसवताना गॅरेजवाल्यानं घातलेली साधी, मीटरनं मिळणारी. ती आतून पेट्रोल न्यायला असते, पेट्रोलात बुडवून ठेवायला नसते. बुडवायची वेगळी येते.

जुनं_पेट्रोल_नांदेड:
साधी नळी जुन्या पेट्रोलात दहा वर्षं टिकली असती.

ठिबकवाला_लातूर:
दहा वर्षं कुणी बुडवून बघितली होती?

बीड_व्हीटेक:
तुम्ही भांडा. मी टाकीत बुडवायची नळी मागवली, दोन्ही बाजूंना नवे क्लॅम्प टाकले. काल दुपारी साडेपाच हजारला ४९, तीनही वेळा. व्हॅक्यूमची नळी प्लेनमवर घेतल्यापासून आयडलचा काटा ३३ ते ३५. मेव्हणा म्हणतो आता गाडीत एसी कधी चालू होणार.